धुळे की जळगाव?

नीटचा निकाल लागून राज्याची गुणवत्ता यादी आली, की अमळनेरात घरोघरी एकच प्रश्न असतो: धुळे की जळगाव? आमचं गाव दोन्ही शहरांच्या मध्ये पडतं. धुळ्याला एसटीनं जायचं, जळगावला रेल्वेनं. १९०६ मध्ये इंग्रज सरकारनं खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. तेव्हापासून लग्नाचा बस्ता असो की मोठा दवाखाना, प्रत्येक घराचं आपलं एक शहर ठरून गेलं आहे. कॉलेजचा प्रश्न आला की आधी ही जुनी सवयच बोलते.

मी इथं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. नव्वदच्या दशकापासून शिकवते आहे. प्रेफरन्स फॉर्म भरायच्या दिवसांत मुलं, त्यांचे आईवडील, कधी मामा, कधी शेजारचे एखादे निवृत्त गुरुजी असे सगळे घरी येतात. कापसाची निंदणी सोडून आलेले वडील खुर्चीच्या कडेवर बसतात आणि थेट विचारतात, "मॅडम, पोऱ्याले कोठे टाकू ते सांगा." हे काम मला कुणी नेमून दिलेलं नाही. शिकवता शिकवता ते माझ्याकडं आलं, आणि वर्गात शिकवण्याइतकंच मी ते मनापासून करते. कारण यादीतल्या एका ओळीवर त्या घराची पुढची साडेपाच-सहा वर्षं ठरणार असतात.

सुरुवातीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय धुळ्याला निघालं ते १९८८ मध्ये. पुढं त्याला भाऊसाहेब हिरे यांचं नाव मिळालं. त्याआधी खानदेशातल्या मुलाला सरकारी कॉलेजात डॉक्टर व्हायचं तर पुणे, मुंबई, औरंगाबाद, नागपूर किंवा मिरज. माझ्या पहिल्या काही वर्षांतले पालक "कोणतं कॉलेज बरं" असं कधी विचारत नसत. "मिळंल का?" एवढंच विचारत. आधी बारावीच्या गुणांवर प्रवेश होते, मग राज्याची सीईटी आली. २०१३ मध्ये नीट झाली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं ती गेली, २०१६ मध्ये परत आली, आणि त्या वर्षी वटहुकमामुळं राज्याच्या जागा सीईटीवरच भरल्या. त्या उन्हाळ्यात एकाच मुलानं दोन वेगवेगळ्या परीक्षांचा अभ्यास केलेला मी पाहिला आहे. पण परीक्षा कोणतीही असो, आमच्याकडच्या मुलाच्या डोळ्यांपुढं घराजवळचं सरकारी कॉलेज म्हणजे धुळे, एवढंच असायचं.

२०१८ मध्ये जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, आणि त्या वर्षी प्रथमच माझ्यापुढं बसलेल्या माणसाला निवड करायची होती. त्या उन्हाळ्यातली घालमेल मला चांगली आठवते. नव्या कॉलेजाला पहिली बॅच अंतिम वर्षाला पोचेपर्यंत दरवर्षी परवानगीचं नूतनीकरण करून घ्यावं लागतं, मान्यता त्यानंतर मिळते. हे कुणीतरी अर्धवट ऐकून आलेलं असायचं. "मधेच बंद पडलं तर पोरानं कुठं जायचं?" हा प्रश्न वडील विचारत आणि आई माझ्याकडं बघत राही. मी त्यांना सांगे, सरकारी कॉलेज आहे, जिल्ह्याचं सिव्हिल हॉस्पिटल त्याला जोडलेलं आहे, मुलांना वाऱ्यावर सोडणार नाहीत. सांगितलं की खांदे सैल पडत, पण फॉर्मवर पहिलं नाव तरीही धुळ्याचंच लिहिलं जाई.

त्या पहिल्या वर्षी मी एक गोष्ट सगळ्यांना समजावून सांगू लागले, ती आजही सांगते. दोन्ही कॉलेजं सरकारी. दोन्हींची फी जवळपास सारखी. विद्यापीठ एकच, नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्यामुळं दोन्हीकडच्या मुलांच्या हातात परीक्षेला तीच प्रश्नपत्रिका येते आणि शेवटी तीच पदवी मिळते. शिक्षकही एकाच संचालनालयाखालचे, आज इथं शिकवणारा बदली होऊन उद्या तिथं जातो. अभ्यासक्रम, हजेरीचे नियम, इंटर्नशिप, सरकारी बंधपत्राखालचं एक वर्ष, सगळं सारखं. मग फरक उरतो कशात? हे विचारलं की बहुतेक पालक एकच उत्तर देतात: कटऑफ. धुळ्याचा कटऑफ वर, म्हणून धुळे चांगलं.

या कटऑफबद्दल माझं मत ठाम आहे. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच घाबरलेल्या घरांनी काय लिहिलं त्याची नोंद. वॉर्डात काय शिकवतात, रात्री कॅज्युअल्टीत विद्यार्थ्याला उभं राहू देतात का, यातलं काही त्या आकड्यात नसतं. पाच-सात गुणांच्या फरकानं एक कॉलेज वरचं आणि दुसरं खालचं असं मनात पक्कं बसतं. मग वरचं मिळूनही मुलगा तिथं काय करायचं याचा विचार करत नाही, आणि खालचं मिळालं तर पहिलं वर्ष पडेल चेहऱ्यानं काढतो.

पहिल्या बॅचला जळगावला गेलेला माझा एक विद्यार्थी आहे. धुळे मिळण्याइतके गुण होते, पण वडिलांना दम्याचा त्रास, घरी दुसरं कुणी नाही, म्हणून रेल्वेनं शनिवारी घरी येता यावं यासाठी त्यानं जळगाव वर टाकलं. पहिल्या वर्षी तो फार एकटा पडला होता. वर सीनिअर बॅचच नाही. कोणतं पुस्तक घ्यायचं, व्हायव्हात कोण काय विचारतं, शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये पहिल्या दिवशी मळमळलं तर काय करायचं, हे सांगणारं कुणी नाही. जुन्या कॉलेजात हे सगळं मेसमध्ये जेवता जेवता कळतं. वर्षानुवर्षं जमलेले शरीराचे नमुने, शेरे लिहिलेली पुस्तकं, अमुक सर अमुक ठिकाणी अडवतात ही माहिती, हे पैशानं उभं करता येत नाही, बॅचमागून बॅच गेल्यावरच साठतं.

पण वर कुणी नसण्याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. एका कॉलेजात, नाव घेत नाही, माझा एक मुलगा पहिल्याच महिन्यात बॅग घेऊन परत आला होता. सीनिअर रात्रभर उभं करायचे. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरुद्ध कायदा आहे, तरी तक्रार लिहायला त्याचा हात धजत नव्हता. दोन दिवस त्याच्याशी बोलत बसले, मग त्याच्या वडिलांसोबत जाऊन तक्रार दिली, आणि तो पुढं डॉक्टर झाला. पहिल्या बॅचच्या मुलाला निदान हे भोगावं लागलं नाही.

त्या पहिल्या बॅचच्या मुलानं दुसऱ्या वर्षाला वॉर्डात पाय ठेवला आणि २०२० चा मार्च आला. जिल्ह्याचं रुग्णालय कोविडसाठी राखलं गेलं, मुलं घरी, लेक्चर मोबाइलवर. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवायच्या दिवसांत तो अमळनेरला घराच्या माळवदावर नेटवर्क शोधत बसे. देशभरातल्या त्या वर्षीच्या सगळ्याच मुलांचं हे झालं, पण जिथं विभागांची घडी अजून बसायची होती तिथल्या मुलांना ते अधिक जड गेलं. तो मला म्हणाला होता, "मॅडम, आमच्या बॅचला पेशंटच नाही मिळणार."

मिळाले. रुग्णालय पुन्हा सगळ्यांसाठी उघडलं तेव्हा तो शेवटच्या वर्षांत होता, आणि नव्या कॉलेजाचा खरा फायदा त्याला तेव्हा कळला. पीजीचे विद्यार्थी तिथं तेव्हा मोजके. त्यामुळं सलाईन लावणं, टाके घालणं, रक्त काढणं ही कामं एमबीबीएसच्या मुलापर्यंत पोचत. पावसाळ्यातली त्याची एक हकिगत मी दरवर्षी वर्गात सांगते. पहाटे शेतमजुरी करणाऱ्या एका माणसाला घेऊन घरचे आले. "पोट दुखी ऱ्हायनं" एवढीच तक्रार. अंगावर जखम नाही, सूज नाही. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी मुलाला सांगितलं, याच्या पापण्या बघ आणि रात्री कुठं झोपला होता ते विचार. माणूस झोपडीत जमिनीवर झोपला होता आणि पापण्या मिटत चालल्या होत्या. मण्यार चावली की दंशाच्या जागी ना आग होते ना सूज येते. पहाटे पोटात दुखतं, गिळता येईनासं होतं, मग श्वासाचे स्नायू थकतात. सर्पविषावरचं इंजेक्शन सुरू झालं, व्हेंटिलेटर लागला, माणूस वाचला. त्याच पावसाळ्यात त्याच डॉक्टरांनी त्याला घोणस आणि फुरशाच्या दंशासाठी करायची साधी चाचणीही शिकवली: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग नळी तिरपी करून रक्त गोठलं का ते बघायचं. घड्याळ लावून नळीपाशी बसायचं काम त्याचं. मोठ्या कॉलेजात हे काम पीजीच्या हातातून इंटर्नकडं आणि इंटर्नकडून क्वचित विद्यार्थ्याकडं आलं असतं.

धुळ्याचं वेगळं आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-नागपूर महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, सोलापूरचा रस्ताही तिथंच येऊन मिळतो. लळिंगच्या घाटापासून शिरपूरच्या पुढं राज्याच्या सीमेपर्यंत कुठंही ट्रक उलटला की १०८ ची गाडी बहुतेकदा धुळ्याची वाट धरते. डोक्याला मार, तुटलेली हाडं, पोटात रक्तस्राव, हे तिथल्या मुलानं शेवटच्या वर्षापर्यंत इतक्या वेळा पाहिलेलं असतं की त्याचा हात थरथरत नाही. साक्री आणि शिरपूरच्या डोंगरपट्ट्यातून भिल्ल, पावरा, कोकणी कुटुंबं येतात. सिकलसेल पुस्तकात एका पानावर असतो. धुळ्याच्या बालरोग विभागात तो हातापायांची बोटं सुजलेल्या, रडून थकलेल्या बाळाच्या रूपानं समोर येतो.

माझी एक विद्यार्थिनी चोपडा तालुक्यातल्या पाड्यावरची, पावरा समाजातली. अमळनेरला वसतिगृहात राहून शिकली. जात वैधता प्रमाणपत्रासाठी तिच्या वडिलांनी किती खेटे घातले ते मी जवळून पाहिलं. प्रवेश तोंडावर आला तरी कागद हातात नव्हता, आणि त्या दिवसांत कोणतं कॉलेज या प्रश्नाला तिच्या घरात जागाच नव्हती. तिला धुळे मिळालं. पहिली दोन वर्षं तिला फार अवघड गेली, इंग्रजी पुस्तकाचं एक पान वाचायला तास लागे. वॉर्डाची पोस्टिंग सुरू झाली आणि चित्र पालटलं. शिरपूरकडच्या बायका डॉक्टरांना उत्तरच देत नसत, हिच्याशी पावरीत घरातलं सगळं बोलत. रेसिडेंट डॉक्टर तिला आवर्जून बोलावून घेऊ लागले. बोलावल्यावर ती नुसती बोलून परत येत नसे. तिथंच थांबे, आणि थांबलेल्या विद्यार्थ्याला रेसिडेंट शिकवतात.

धुळ्यातला मोठा फायदा तिच्या मते हाच. रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये मोठे सर नसतात, पीजीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची एखादी थकलेली ताई असते. तिच्यामागं नेटानं उभं राहिलं तर ती हात धरून शिकवते. "पण मॅडम, मागितलं नाही तर मिळत नाही," असंही ती म्हणाली. टाके घालायला चार जण आधीच रांगेत असतात. संकोची मुलगी मागं राहते आणि साडेचार वर्षं बघण्यात निघून जातात.

बंधपत्राच्या वर्षी ती सातपुड्याच्या पायथ्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात होती. एका रात्री बाळंतपणानंतर बाईचं रक्त थांबेना. ऑक्सिटोसिन, पोटावरून गर्भाशयाला चोळणं, दोन्ही हातांना मोठ्या सुयांनी सलाईन, एका हातानं हे आणि दुसऱ्या हातात १०८ ला लावलेला फोन. गाडी येईपर्यंत ती आणि एक सिस्टर, दोघीच. बाई वाचली. सकाळी तिनं मला फोन केला, फार बोलली नाही. म्हणाली, "लेबर रूममधल्या त्या ताईनं माझ्याकडून हे इतक्या वेळा करून घेतलं होतं, म्हणून."

या दोघांमुळं माझं सांगणं बदललं. पालक कॉलेज निवडतात ते पहिल्या वर्षासाठी. वसतिगृह कसं, मेसचं जेवण कसं, शनिवारी घरी येता येईल का, इमारत नवी की जुनी. मुलगा सतरा-अठराचा असतो, घर सोडून कधी राहिलेला नसतो, तेव्हा ही काळजी साहजिकच आहे. पण पहिलं वर्ष शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन यांच्या पाठांतराचं, ते कुठंही होतं. दुसऱ्या वर्षापासून वॉर्ड सुरू होतो आणि कॉलेज खऱ्या अर्थानं उपयोगाला येतं ते तिथून पुढं. म्हणून मी आता आधी मुलालाच विचारते: तू मागून घेणारा आहेस की कुणी बोलावण्याची वाट बघणारा? गर्दीत पुढं घुसून शिकणाऱ्याला मी धुळे सुचवते. गर्दीत हरवून जाईल असं वाटणाऱ्याला जळगाव. उत्तर मुलापेक्षा आई नेमकं देते, हेही पाहिलं आहे.

घर जवळ असण्याचा हिशेबही वरवरचा नसतो. दर शनिवारी घरी येणारा मुलगा शनिवार-रविवारची रात्र पाहतच नाही, आणि अपघात, विषबाधा, मारामाऱ्या यांची गर्दी त्याच रात्री असते. कपाशीवर फवारणीच्या दिवसांत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये विषबाधेचे रुग्ण येतात. त्यांना अॅट्रोपिन किती वेळानं, कशाकडं बघून द्यायचं हे रात्रभर पलंगाशेजारी उभं राहूनच कळतं. तरीही काही मुलांसाठी घर जवळ असणं हाच आधार असतो, आणि तो मी कधी हलका मानला नाही. २०१९ च्या मे महिन्यात जळगावच्या एका आदिवासी डॉक्टर मुलीनं मुंबईत पीजी करताना आत्महत्या केली. सीनिअर डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्या वर्षी वसतिगृहातल्या मुलींच्या आया माझ्याकडं आल्या तेव्हा कटऑफबद्दल एकीनंही विचारलं नाही. "लवकर पोचता येईल असं कॉलेज सांगा," एवढंच म्हणत होत्या. मी त्यांना दोन्हीकडच्या बसच्या आणि गाड्यांच्या वेळा लिहून दिल्या. त्या वेळी तेच योग्य होतं असं मला आजही वाटतं.

काही वर्षांपासून मी मुलांना आणखी एक गोष्ट करायला लावते. फॉर्म भरायच्या आधी एक सकाळ धुळ्याच्या आणि एक सकाळ जळगावच्या रुग्णालयात जाऊन बसायचं. कॉलेजच्या ऑफिसात जायचं नाही, कुणाला भेटायचं नाही. ओपीडीत केसपेपरच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसायचं आणि बघायचं. माणसं कुठून आली आहेत, काय आजार घेऊन आली आहेत, पांढरा कोट घातलेली मुलं त्यांच्याशी कशी बोलतात. बहुतेक पालकांना आधी हे पटत नाही. एक वडील, स्वतः दुकानदार, जळगावहून परत आले ते गप्प होते. मग म्हणाले, "मॅडम, पोरगा सकाळपासून तिथून उठेना. एका म्हातारबाबाला एक्स-रेच्या खोलीपर्यंत घेऊन गेला." त्या मुलाला कोणतं कॉलेज हवं हे त्यांना मी सांगायची गरज उरली नाही. उलटंही घडलं आहे. एक हुशार मुलगी धुळ्याहून दुपारीच परतली आणि म्हणाली, मला हे नाही जमणार. तिनं पुढं सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली आणि आज ती समाधानानं प्रयोगशाळेत काम करते. तिचे वडील काही महिने माझ्याशी बोलत नव्हते.

फॉर्मची गुंतागुंतही घरं थकवते. पहिल्या राउंडला मिळालेल्या कॉलेजात रुजू होऊन स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भरला की पुढच्या राउंडचं दार बंद. "आता पुरे झालं, मिळालं ना," म्हणून दमलेले वडील ती सही करून टाकतात, आणि मुलाच्या मनातलं दुसरं शहर तिथंच राहून जातं. मी एवढंच म्हणते, सही करायच्या आधी एक रात्र झोपा. सकाळी मुलाला विचारा, मग करा.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये राज्यानं ७०:३० चा प्रादेशिक कोटा काढून टाकला. तोवर विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग होते, खानदेश उर्वरित महाराष्ट्रात. आमच्याकडं तेव्हा भीती होती की लातूर-नांदेडची मुलं येऊन आमच्या जागा नेतील. मुलं आली, खरंच आली. धुळ्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याचा रूममेट लातूरचा होता. प्रश्नांचा सराव कसा करायचा हे तो याला शिकवी, हा त्याला अहिराणी शिकवी, कारण वॉर्डात त्याचं त्यावाचून अडत होतं. आता दोघंही पीजी करतात, वेगवेगळ्या शहरांत, आणि अजून रोज बोलतात.

पीजीचं नाव निघालं म्हणून एक खंत लिहून टाकते. अलीकडं इंटर्न झालेली मुलं भेटतात ती नीट-पीजीच्या टेस्ट सिरीजबद्दल बोलतात, पेशंटबद्दल नाही. वॉर्डाची हजेरी कशीबशी उरकून लायब्ररीत पळायचं, कारण रँक प्रश्नोत्तरांवर लागते. त्यांची मजबुरी मला कळते, सर्जरी किंवा मेडिसिनच्या जागेसाठी किती चढाओढ आहे तेही कळतं. पण मग धुळ्याचे अपघात आणि जळगावचे सर्पदंश कुणाच्या कामाचे? मुलगा लायब्ररीतच बसणार असेल तर त्यानं कोणतंही कॉलेज घ्यावं, फरक पडणार नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगते आणि पुढंही सांगत राहीन.

दोन्ही शहरांत खासगी कॉलेजंही आहेत, धुळ्याजवळ मोराण्याला एसीपीएम आणि जळगावला डॉ. उल्हास पाटील. तिथंही माझे विद्यार्थी शिकले आणि चांगले डॉक्टर झाले. पण तिथं पहिला प्रश्न फीचा असतो. शेती विकून फी भरायचा विचार करणाऱ्या घराला मी आधी बँकेच्या कर्जाचा हप्ता कागदावर मांडून दाखवते, कॉलेजबद्दल त्यानंतर बोलते.

आता हाच प्रश्न शेजारच्या जिल्ह्यांतूनही येऊ लागला आहे. २०२० मध्ये नंदुरबारला सरकारी कॉलेज निघालं. ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकाच दिवशी दहा नव्या सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, त्यात आमच्या शेजारचं बुलढाणाही आहे, नाशिकही आहे. मलकापूरचे एक पालक नातेवाइकांकडून नंबर घेऊन फोन करतात: बुलढाणा नवं, जळगाव त्याहून जुनं, काय करू? काही वर्षांपूर्वी नवं म्हणून ज्या जळगावला लोक बिचकत होते, ते आता कुणासाठी तरी जुनं, भरवशाचं कॉलेज झालं आहे. तिथून आता सीनिअरांच्या वह्याही मिळतात.

यंदा जळगाव लिहिणाऱ्या मुलांना मी आणखी एक गोष्ट विचारात घ्यायला सांगते आहे. सध्याचं रुग्णालय शहरात आहे, बसस्टँड आणि स्टेशनपासून जवळ, म्हणून यावल-रावेरचा केळीच्या बागेतला मजूरही सरळ तिथं पोचतो. शहराबाहेर चिंचोलीच्या शिवारात मेडिकल हबचं काम चालू आहे. रुग्णालय जागा बदलतं तेव्हा रुग्णांची वाट बदलते. धुळ्याचं रुग्णालय शहरातून चक्करबर्डीला गेलं तेव्हा हे सगळ्यांनी पाहिलं. नव्या जागेत ऐसपैस इमारती मिळाल्या, महामार्गाचे अपघात येत राहिले, पण गावातल्या साध्या तापाच्या माणसाला रिक्षाचं भाडं मोजावं लागलं, आणि जुन्या जागेत पुढं पुन्हा जिल्हा रुग्णालय सुरू झालं. आज पहिल्या वर्षाला बसणारा मुलगा इंटर्न होईल तेव्हा जळगावचा वॉर्ड कुठं असेल, तिथं एसटी थांबेल का, रात्री बाळंतीण तिथवर कशी पोचेल, हे प्रश्न मी मुलांना जळगावच्या त्या बाकावर बसून विचारायला सांगितले आहेत. परवा एक मुलगा वहीत उत्तरं लिहून घेऊन आला. केसपेपरच्या रांगेतल्या माणसांना त्यानं विचारलं होतं, तुम्ही कुठून आलात, कशानं आलात, भाडं किती लागलं. त्याच्या वडिलांनी वही हातात घेतली, दोन पानं वाचली, आणि पुढच्या आठवड्यात बापलेक धुळ्याला जाऊन तीच चौकशी करून येणार आहेत.